टॅक्स बसेल

"कळवून टाक त्यांना, न्हाई जमणार म्हणून," सूर्यभान म्हणाला आणि समोरचं ताट त्यानं हलकेच पुढं सरकवलं.

एवढंच. भांडण नाही, चढलेला आवाज नाही... भाकरी वाढायला पुढं झालेला पंकजाचा हात मात्र तसाच अधांतरी राहिला. आठवडाभर ती या रविवारच्या जेवणाची वाट पाहत होती. एरवी नवऱ्याचे कान तिच्या वाट्याला यायचेच कुठं? शिर्डीच्या विमानतळावरून माणसं आणायची, पोचवायची, दोन गाड्या आणि दोन ड्रायव्हर सांभाळायचे, यातच त्याचा दिवस जाई. म्हणून तिनं आज त्याच्या आवडीचं शेंगोळ्याचं कालवण केलं होतं, शब्द मनात घोळवून ठेवले होते, आणि त्यानं सगळं निमूट ऐकून घेऊन एका वाक्यात तिच्या जन्माचा निकाल लावला होता.

गोष्ट होती नोकरीची. जिल्हा परिषदेच्या भरतीत पंकजाची आरोग्यसेविका म्हणून निवड झाली होती. गावही कुठलं, तर पुणतांब्याजवळचं, तिच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर! सोमवारी संध्याकाळपर्यंत नगरला जाऊन हजर व्हायचं होतं. नाही झालं तर तिच्या जागी यादीतली पुढची बाई जाणार होती, आणि पुढच्या भरतीत पंकजाला कुणी दारात उभं करणार नव्हतं, कारण तिची वयाची मर्यादा यंदाच संपत होती. ही संधी गेली की गेलीच. हे तिला ठाऊक होतं, आणि त्यालाही.

"अहो, एवढं एकदा..." ती म्हणाली. "पुन्हा काही मागणार न्हाई मी तुमच्याकडं."

"मी काय तुझा वैरी हाय का? पण भक्तनिवासाचं काय करायचं? दुसऱ्याच्या नावावर करायचं म्हणजे काय खेळ हाय? माझ्या नावावर घ्यावं, तर टॅक्स बसेल."

टॅक्स बसेल! या दोन शब्दांनी त्या घरावर किती वर्षं राज्य केलं होतं, ते पंकजालाच ठाऊक. इतर घरांत लेकरांना बागुलबुवा दाखवतात, या घरात मोठ्या माणसांना टॅक्स दाखवला जाई. तो कधी कुणी पाहिला नव्हता, तो केवढा असतो ते कुणी विचारलं नव्हतं. पण त्याचं नाव निघालं की बोलणं संपायचं.

लग्न झालं तेव्हा पंकजा कोपरगावच्या एका दवाखान्यात नर्स होती. पांढऱ्या कपड्यांत एसटीनं जायची-यायची, पगार झाला की सासूला साडी, नवऱ्याला शर्ट आणायची. मग सूर्यभाननं घराच्या मागच्या जागेत आठ खोल्या बांधल्या आणि भक्तांना उतरायला द्यायला सुरुवात केली. राहात्याचे एक कर सल्लागार होते, घरात सगळे त्यांना नुसतं 'टॅक्सवाले' म्हणत. त्यांनी सल्ला दिला, की गाड्या तुमच्या नावावर आहेत, खोल्या मंडळींच्या नावावर करा. पण मंडळींना पगार नको, नाहीतर दोन्ही मिळून टॅक्स बसेल.

त्या दिवशी सूर्यभान पेढे घेऊन आला होता. दारावर पाटी लागली, 'पंकजा भक्तनिवास', आणि खाली 'प्रो. प्रा. सौ. पंकजा'. आपल्या नावाची पाटी! किती हरखून गेली होती ती... नवऱ्याचं आपल्यावर केवढं प्रेम, म्हणून डोळे भरून आले होते तिचे. दाखवतील तिथं तिनं सह्या केल्या आणि पुढच्या महिन्यात दवाखाना सोडला.

तेव्हापासून ती मालकीणबाई झाली. दूधवाला मालकीणबाई म्हणायचा, फुलवाला म्हणायचा, सासू रंगुबाईसुद्धा दात काढून म्हणायची, "उठा मालकीणबाई, सहा नंबरचा पाहुणा गेला." आणि मालकीणबाई उठायच्या, सहा नंबरच्या चादरी गोळा करायच्या, संडास घासायच्या, गच्चीवर ओल्या चादरींचं ओझं चढवायच्या. गुरुवारी आणि सुट्ट्यांना तर बसायलाही सवड नसे. पाहुण्यांचे पैसे सूर्यभानच्या मोबाईलवर जायचे. मालकीणबाईंना चप्पल हवी असली, तर त्याचा मूड पाहून विषय काढावा लागायचा. तो नाही म्हणत नसे, हे खरं. पण मागावं लागायचं.

आणि आता ही पाटीच तिच्या आडवी आली होती. नोकरीवर हजर होताना लिहून द्यायचं होतं, की माझ्या नावावर कसलाही धंदा नाही. सरकारी माणसाला तो चालत नाही. धंदा तर होता. वर्षानुवर्षं तिच्या सहीनं त्याचे हिशेब सरकारात जात होते. ज्या खोल्यांतला एक रुपयाही तिनं आपला म्हणून खर्चला नव्हता, त्या खोल्या आता तिची वाट अडवून उभ्या होत्या.

"मग आत्याबाईंच्या नावावर करा," ती कळवळून म्हणाली.

रंगुबाई भिंतीला टेकून मिश्री लावत बसली होती. तिनं तोंडातलं बोट काढलं. "माझ्या न्हाई. माझे बहिनीचे पैसे बंद हुत्याल."

सरकार बायकांना 'बहीण' म्हणून दर महिन्याला काही पैसे देई, ते रंगुबाईच्याही खात्यात येत. नाव धंद्याला लागलं, चौकशी झाली, की ते बंद, असं गल्लीतल्या बायकांनी तिच्या मनावर पक्कं ठसवलं होतं. पंकजानं सासूकडं पाहिलं. पैसा तो केवढा, आणि त्याच्यापायी ही बाई माझा गळा कापते? इतकी वर्षं हिचे पाय चेपले, हिच्या आजारपणात उशाशी बसून राहिले... पंकजाच्या काळजात कढ दाटला. तिनं ताट उचलून मोरीत नेलं आणि नळ मोठा सोडून, त्या आवाजात तोंड दाबून रडली.

तिला शोधत राजेश्वरी आली. पंकजाची ही एकुलती एक लेक, नुकतीच अठरा पूर्ण झालेली. कोपरगावला कॉलेजात होती आणि पुढं फार्मसी करायचं म्हणून अभ्यासात बुडालेली असायची. आईचं ओलं तोंड तिनं आपल्या ओढणीनं पुसलं आणि वडिलांपुढं जाऊन उभी राहिली.

"पप्पा, माझ्या नावावर करा ना. मी झाली आता अठराची. मला कुठं पगार हाय, का पैसे येत्यात? आईला जाऊ द्या तिच्या नोकरीला."

सूर्यभानचा चेहरा एकदम उजळला. "बघ! पोरीला कळतं ते तुला कळंना. हे लई बेस झालं. उद्या जाता जाता टॅक्सवाल्याकडं राजूची सही घेऊन टाकू. पाटी बी बदलू. 'राजेश्वरी भक्तनिवास'. काय गं राजू, मालकीणबाई हुणार का?"

राजेश्वरी हसली. आईसाठी काहीतरी करायला मिळालं, म्हणून तिचा चेहरा नुसता फुलून आला होता. पंकजा मोरीच्या दारात उभी होती. तिच्या मनात आनंद व्हायला हवा होता. वाट मोकळी झाली होती, उद्या संध्याकाळी ती नोकरीवर हजर होणार होती! पण लेकीचं ते हसणं तिनं ओळखलं. हेच हसणं... अगदी हेच. पेढ्याचा तुकडा तोंडात धरून, पाटीकडं पाहत आपणही असंच हसलो होतो.

उद्या ही शिकेल. हिला कुठंतरी नोकरी लागेल. मग कुणीतरी म्हणेल, नको बाई, तुझा पगार आला तर टॅक्स बसेल. तेव्हा ही काय करील? आईसाठी दिलेलं नाव परत मागता येतं का? नाही मागणार ती. माझीच लेक आहे... गप बसेल.

"नको," पंकजा म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "राजूचं नाव लावायचं न्हाई."

"आता काय झालं?" सूर्यभान वैतागला. "तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं?"

"मला न्हाई जायचं नोकरीला. कळवते मी त्यांना, न्हाई जमणार म्हणून. पाटी हाय तशी राहू द्या. मी हाय तशी राहते. पण माझ्या लेकीचं नाव..." ती भिंतीला धरून खाली बसली. "तिचं नाव तिला राहू द्या. मी पदर पसरते तुमच्यापुढं."

राजेश्वरी रडायला लागली. तिला वाटलं, आपल्याकडून काही चुकलं. सूर्यभानला काहीच उमगेना. बायकांचं डोकं, असं काहीतरी पुटपुटत तो चप्पल घालून बाहेर निघून गेला. पंकजानं लेकीला कुशीत घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि थोड्या वेळानं चार नंबरच्या पाहुण्यांनी हाक मारली तशी डोळे पुसून गरम पाण्याची बादली द्यायला गेली. सांगून काय सांगणार होती ती लेकीला?

भिंतीला टेकून बसलेली रंगुबाई मात्र त्यानंतर मिश्री लावायची विसरली. संध्याकाळी तिनं चहा घेतला नाही. देवळातली धुपारती संपल्याचा कल्लोळ कानावर आला, तरी ती तशीच बसून राहिली. पंकजानं तिच्यापुढं भाकरी ठेवली. ती म्हणाली, भूक न्हाई.

सोमवार उजाडला. पंकजानं रोजच्यासारखा अंगणात सडा घातला, आणि मोबाईल हातात घेऊन नगरच्या कार्यालयाचा नंबर शोधायला लागली. एवढ्यात रंगुबाई आतून आली. अंगात ठेवणीतलं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात आधाराची काठी.

"ठेव त्यो मोबाईल. सूर्या, गाडी काढ. त्या टॅक्सवाल्याकडं जायचंय. आन पंकजे, तू बी चांगलं लुगडं नेस. तुझी कागदं घे संगं."

"आत्याबाई, कशाला..."

"घे म्हनलं ना."

त्या बाईच्या आवाजाला त्या घरात कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं. राजेश्वरीला खोल्यांवर लक्ष ठेवायला सांगून तिघं निघाली. राहातं जवळच होतं. टॅक्सवाले नुकतेच येऊन बसले होते, देवाला उदबत्ती लावत होते. रंगुबाई त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि उजव्या हाताचा अंगठा पुढं केला.

"लिव्हा माझं नाव. कुटं अंगठा लावायचा त्ये दावा."

सूर्यभान चपापला. "आई, तुझे पैसे बंद हुतील."

"हू दे." म्हातारी त्याच्याकडं न पाहता बोलत होती. "तुझ्या बापाकडं मिश्रीला मागितलं, त्यो गेल्यावर तुझ्याकडं मागितलं. तू कदी न्हाई म्हनला न्हाईस लेका, पन मागावं लागायचं. ह्ये सरकारचं पैसं आलं आन जल्मात पैल्यांदा मी कुनाला न मागता दुकानात ग्येले. म्हनून जीव अडकला माझा त्यात. काल ही पोटच्या पोरीसाठी नोकरीवर पानी सोडाया निघाली, तवा मला माझीच लाज वाटली. मला काय, मिश्रीला पुन्यांदा तुला मागंन. सवय हाय मला."

पंकजाच्या डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं. जिला ती काल मनातल्या मनात शिव्याशाप देत होती, त्या बाईनं आपल्यासारखंच उभं आयुष्य तळहात पसरून काढलं होतं... आणि एका घरात राहून ते आपल्याला दिसलं नाही! तिनं पुढं होऊन सासूचा हात धरला. "आत्याबाई, नका. मला नको असली नोकरी."

शाईचा पॅड समोर आला होता. टॅक्सवाले कागद काढून ठेवत होते. सूर्यभान उभा होता तिथंच खिळला होता. आईचा सुरकुतलेला अंगठा, त्याला धरून बायकोचा धुण्याच्या सोड्यानं सोललेला हात... आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं ते दोन हात पाहिले असावेत. तुझ्याकडं मागितलं. सवय हाय मला. तो खालच्या आवाजात, जवळजवळ स्वतःशीच बोलला.

"थांबा. माझं नाव लिहा. बसू दे काय बसायचा त्यो टॅक्स. मी भरतो."

टॅक्सवाल्यांनी चष्मा वर केला, संगणकावर काहीतरी पाहिलं, गाड्यांचं आणि खोल्यांचं उत्पन्न एकत्र धरलं, मान डोलावली.

"काही हरकत नाही, करून टाकू. टॅक्सही काही बसणार नाही तुम्हाला."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. मर्यादा वाढलीय की यंदा. तुमचं दोन्ही मिळूनसुद्धा तिच्या आतच बसतंय."

सूर्यभाननं ओठांवरून जीभ फिरवली. "आन... आधी? इतकी वर्षं?"

"आधी बसला असता थोडाफार. पण तुमच्या गाडीच्या टायरांना जेवढा खर्च येतो, तेवढाही नाही." ते सहज म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. "तुम्ही कधी विचारलंच नाहीत. मला वाटलं, मंडळींना घरीच राहायचं असेल."

घरीच राहायचं असेल! पंकजाच्या ओठांतून एक विचित्र आवाज निघाला, हसू म्हणावं तर हसू नव्हतं, आणि रडू फुटायला तेवढं बळ उरलं नव्हतं. ज्याच्या धाकानं तिनं पांढरे कपडे घडी करून ट्रंकेत टाकले, ज्याच्यापायी तिचं तरुणपण गच्चीवर ओल्या चादरींत वाळलं, ते एवढं होतं... टायरांएवढंही नाही. तो राक्षस असता, सगळं घर गिळणारा असता, तर तिला एवढं दुःख झालं नसतं. काहीतरी मोठं वाचवलं, असं तरी म्हणता आलं असतं.

कागद होईतो दुपार झाली. भक्तनिवास तिच्या नावावरून कमी केल्याच्या अर्जाची पोच तिच्या हातात आली. नगरला आज एवढं पुरेल, टॅक्सवाले म्हणाले, पण ऑफिस बंद व्हायच्या आत पोचा.

बाहेर आल्यावर पंकजा रस्त्यातच सासूच्या पायांवर वाकली. रंगुबाईनं तिला उठवून छातीशी धरलं, असं तिनं लग्नात गृहप्रवेशाच्या वेळीही धरलं नव्हतं. "तुला मालकीन म्हनून हसायची गं मी," म्हातारी हुंदका गिळत म्हणाली. "मला काय ठावं, तू बी माझ्यासारकीच हायेस." मग तिनं स्वतःच रिक्षाला हात केला. राजू एकटी आहे, पाहुणे खोळंबतील, तुम्ही जा, म्हणाली.

गाडी नगरच्या रस्त्याला लागली. बाभळेश्वर गेलं, कोल्हार आलं. सूर्यभान खड्ड्याखड्ड्यांतून गाडी हाकत होता. प्रवरेचा पूल ओलांडला आणि त्यानं अचानक गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा हमसून रडायला लागला. उसाच्या ट्रॉल्या धडधडत शेजारून जात होत्या. लग्नापासून पंकजानं या माणसाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. बाप गेला तेव्हाही तो रडला नव्हता.

"मी विचारलंच न्हाई गं," तो म्हणत होता. "एका शब्दानं विचारलं असतं, तर... मला वाटलं, मी तुझ्या नावावर सगळं केलं. मिरवत हुतो मी गावात. बायकोच्या नावावर केलंय म्हणून."

तिचा हात आपोआप उठला आणि त्याच्या पाठीवर गेला. संतापाचा एक मोठा गोळा छातीत होता, आणि त्याच्याशेजारीच ही माया, मेली कशी जात नाही... ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. खरं सांगायचं, तर तिनं तरी कुठं विचारलं होतं? तीही घाबरली होती त्या दोन शब्दांना.

"राजूचं नाव कुठंही लावायचं न्हाई," ती म्हणाली. "तिला विचारून न्हाई, आणि तिनं हसत दिलं तरी न्हाई. आपल्या पायावर उभी राहीपर्यंत तरी."

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"पंकजा, मला माफ करशील ना?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. तिचेही झाले होते. खिडकीबाहेर ऊन कलायला लागलं होतं आणि नगर अजून लांब होतं. तिनं पदरानं आधी त्याचं तोंड पुसलं, मग आपलं, आणि मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

"आज न्हाई," ती म्हणाली. "आज मला हजर व्हायचंय. गाडी काढा."